अब्बांच्या कॅसेट आणि रिकामा कोनाडा



गेल्या अंकात आम्ही वायफायचा पासवर्ड कसा बदलावा हे लिहिले होते. त्यावर अनेकांनी पुढचा प्रश्न विचारला. घरातले फोटो, मुलांच्या अभ्यासाच्या पीडीएफ, जुनी रेकॉर्डिंग असे सगळे एकाच जागी ठेवून घरातल्या प्रत्येक मोबाईलवर आणि लॅपटॉपवर पाहता येईल का? येते. आमच्या घरी तीन वर्षांपासून तशी सोय आहे. आम्ही त्याचे सरळ साधे उत्तर लिहून संपादकांना पाठवणारच होतो, तेवढ्यात एका रविवारी ती सोय बंद पडली आणि घरात असा गोंधळ उडाला की उत्तर पुन्हा नव्याने लिहावे लागले.

आधी आमच्याकडे काय आहे ते सांगतो. रास्पबेरी पाय नावाचा एक छोटा संगणक आहे. छोटा म्हणजे एटीएम कार्डाएवढी एक हिरवी पाटी, तिच्यावर चिप्स आणि कडेला वायर लावायच्या जागा. केंब्रिजच्या रास्पबेरी पाय फाउंडेशनने तो २९ फेब्रुवारी २०१२ रोजी विक्रीला आणला. मुलांनी संगणकावर नुसते खेळ खेळू नयेत, प्रोग्रॅम लिहायला शिकावे, हा त्यामागचा हेतू होता. आमच्या लेकीने तो शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी घ्यायला लावला. प्रदर्शन झाले, पाटी कपाटात पडून राहिली. मग तिनेच तिला काम दिले. पाटीला यूएसबीने एक हजार जीबीची पोर्टेबल हार्ड डिस्क जोडली, तिच्यावर सांबा नावाचे फुकट मिळणारे सॉफ्टवेअर बसवले आणि सगळे राउटरशेजारी फळीवर ठेवून दिले. तेव्हापासून घरातल्या कुठल्याही फोनवरून त्या डिस्कवरचे पाहता-ऐकता येते. इंटरनेट नसले तरी चालते, कारण सगळे घरातल्या घरातच फिरते.

सांबा हे नाव कसे पडले, ते ऐकण्यासारखे आहे. विंडोजवाले संगणक एकमेकांच्या फाईली ज्या पद्धतीने पाहतात, तिची आद्याक्षरे एस, एम, बी. ऑस्ट्रेलियात कॅनबेरा येथे पीएच.डी. करणाऱ्या अँड्र्यू ट्रिजेल यांनी १९९२च्या सुमारास ही पद्धत इतर संगणकांना शिकवणारा प्रोग्रॅम लिहायला घेतला. त्याला दिलेले आधीचे नाव दुसऱ्या एका कंपनीचे निघाले. तेव्हा त्यांनी शब्दकोशाच्या फाईलमध्ये एस, एम, बी ही अक्षरे याच क्रमाने असलेले शब्द शोधले. त्यात सांबा सापडला.

आता त्या डिस्कवर काय होते ते सांगितले पाहिजे, नाहीतर पुढचे कळणार नाही.

आमचे मरहूम अब्बा कुवेतला नोकरीला होते. कोकणातल्या मुस्लिम घरांना हे नव्याने सांगायला नको. त्या काळी फोन म्हणजे ट्रंक कॉल, आणि दादीला लिहिता-वाचता येत नव्हते. म्हणून पत्राऐवजी कॅसेट यायची. अब्बा रात्री खोलीवर बसून टेपरेकॉर्डरमध्ये बोलायचे. सुट्टीवर गावी येणारा कुणीतरी ती कॅसेट घेऊन यायचा. मग ओटीवर सगळे गोळा होऊन ऐकायचे, आणि दुसऱ्या दिवशी दादी, फूफी आणि आम्ही पोरे उलट बाजूला आपापले बोलणे भरून ती परत धाडायचो. अशा त्रेचाळीस कॅसेट दादीच्या पेटीत होत्या. कोकणातल्या दमट हवेने त्यांच्यावर बुरशी धरली होती. लेकीने आणि आम्ही दोन उन्हाळ्याच्या सुट्ट्या घालून, टेपरेकॉर्डरची वायर लॅपटॉपला लावून, त्यातल्या अडतीस उतरवल्या. पाच हाताबाहेर गेल्या होत्या. उतरवताना काहींची फीत तुटली, म्हणजे आता त्या आवाजाचे ठिकाण एकच, फळीवरची डिस्क. दुसरी प्रत काढू, काढू म्हणत राहिली. आळस, दुसरे काय!

त्या रविवारी फूफी आल्या होत्या. वय ऐंशीच्या पुढे, नजर अधू, पण कान तिखट. दुपारचे जेवण झाल्यावर म्हणाल्या, "भाईजानची ती कॅसेट लाव रे, माझ्या निकाहच्या वेळची." अब्बांना रजा मिळाली नव्हती, तेव्हा त्यांनी बहिणीसाठी कॅसेट भरून पाठवली होती. आम्ही मोठ्या ऐटीत टीव्हीवर फोल्डर उघडला. आत अब्बांचे काहीच नव्हते. फक्त एक फोल्डर होता, 'शादीचे फोटो'.

हे फोटो आमच्या पुतण्याने आदल्या शुक्रवारी टाकलेले. तो दहावीत आहे. आमच्या तोंडून पहिला शब्द निघाला तो हाच, "जागा करायला जुने उडवलेस काय रे?" तो म्हणाला, "नाही चाचा, मी टाकले तेव्हा फोल्डर रिकामाच होता." कुणी ऐकले नाही. ऐकण्यासारखे वाटलेच नाही. अडतीस कॅसेट होत्या, आता नाहीत, आणि त्यांच्या जागी याचे फोटो. याहून मोठा पुरावा कोणता? आमच्या मोठ्या बंधूंनी, म्हणजे त्याच्या वडिलांनी, सगळ्यांदेखत त्याला असे काही बोलले की ते इथे लिहिण्यासारखे नाही. पोरगा मान खाली घालून उभा. फूफींना नीट कळेना, त्या एवढेच विचारत होत्या, "आवाज गेला का?"

बंधू तडक उठले. फळीवरची डिस्क उपसून त्यांनी आपल्या लॅपटॉपला जोडली. विंडोजने लगेच फलक लावला, ही डिस्क वापरायची तर आधी फॉरमॅट करावी लागेल, करू का? बंधू म्हणाले, "बघा, डिस्कच बिघडली. फॉरमॅट करून रिकव्हरीचे सॉफ्टवेअर लावू." बोट बटणावर गेलेले.

"बडे अब्बा, थांबा!" लेक स्वयंपाकघरातून पळत आली.

वाचकहो, या लेखातले एवढे एक वाक्य लक्षात ठेवले तरी पुरे. रास्पबेरी पायवर चालते ती लिनक्स. लिनक्स आपल्या पद्धतीने डिस्क आखते, आणि ती आखणी विंडोजला मुळात वाचताच येत नाही. उर्दूचे पुस्तक ज्याला उर्दू येत नाही त्याच्या हातात दिले तर त्याला ते रेघोट्यांचे वाटेल. म्हणून पुस्तक कोरे ठरत नाही. विंडोजला वाचता आले नाही, म्हणून ती विचारते, 'पुसून नव्याने आखू का?' अशा वेळी उत्तर 'नाही'. डिस्क काढा आणि जिथली तिथे ठेवा.

लेकीने डिस्क हातात घेतली आणि टीव्हीकडे बघत राहिली. मग म्हणाली, "अब्बा, डिस्क तर माझ्या हातात आहे. मग हे शादीचे फोटो अजून कुठून दिसताहेत?"

खरेच, टीव्हीवर फोल्डर उघडाच होता. एकेक फोटो उघडतही होता. खोलीत सगळे गप्प. तिने लॅपटॉपवर त्या शेअरची एकूण जागा पाहिली. चौदा जीबी. डिस्क होती एक हजार जीबीची. मात्र पाटीत जे मेमरी कार्ड घातलेले आहे, ज्यावरून ती सुरू होते, ते होते सोळा जीबीचे, आणि मोजायला गेले की सोळाचे कार्ड चौदा-पंधराच भरते. म्हणजे आम्ही इतका वेळ डिस्क पाहतच नव्हतो, कार्ड पाहत होतो.

हे कसे होते ते आम्ही आमच्या भाषेत सांगतो. जुन्या घरात भिंतीत कोनाडा असतो. समजा त्या कोनाड्यासमोर तुम्ही कपाट उभे केले. आता त्या जागी जाणारा माणूस कपाटच उघडतो, मागे कोनाडा आहे हे विसरून जातो. लिनक्समध्ये डिस्क अशीच लावावी लागते. कार्डावर एक रिकामा फोल्डर करायचा, तो कोनाडा. डिस्क त्याच्यासमोर आणून उभी करायची, ते कपाट. याला माउंट करणे म्हणतात. सांबाला फक्त जागा माहीत असते. तिथे कपाट असेल तर तो कपाटातले दाखवतो, आणि काही कारणाने कपाट आलेच नाही, तर तक्रार न करता रिकामा कोनाडा दाखवतो. पुतण्याला शुक्रवारी फोल्डर रिकामा दिसला, तो हा. त्याने आपले फोटो प्रामाणिकपणे कोनाड्यात ठेवले. कपाटाला त्याचा हातही लागला नव्हता.

कपाट का आले नाही, हा पुढचा प्रश्न. त्या आठवड्यात बुधवारी रात्री आमच्याकडे लाईट गेली होती. परत आली तेव्हा पाटी आपोआप सुरू झाली. लेकीने मागे तिला एक सूचना देऊन ठेवली होती, सुरू होताना डिस्क सापडली नाही तरी अडून बसू नकोस, पुढे जा. सूचना चांगलीच आहे, नाहीतर डिस्क नसताना पाटी सुरूच व्हायची नाही. पण तिचा दुसरा अर्थ असा, की डिस्क न लावताही पाटी निमूट कामाला लागते आणि आपल्याला वाटते सगळे ठीक आहे.

आणि डिस्क सापडली का नाही? तर चार्जर. आमची पाटी तिसऱ्या पिढीची, थ्री बी. तिला ५.१ व्होल्ट आणि २.५ अँपिअरचा अॅडॉप्टर हवा असे बनवणारे सांगतात. मूळचा अॅडॉप्टर कुणीतरी (हे कुणीतरी म्हणजे आम्ही) मोबाईल चार्ज करायला नेला आणि त्या जागी एका जुन्या फोनचा चार्जर लावला. त्याच्यावर बारीक अक्षरांत लिहिले होते, १ अँपिअर. नुसती पाटी त्याच्यावर कशीबशी चालते. पण पोर्टेबल डिस्कच्या पोटात चकती असते, ती फिरायला लागताना सगळ्यात जास्त वीज ओढते, आणि ती वीजही पाटीतूनच जाते. व्होल्ट पडले की डिस्क टिकटिक करून थांबते. पाटीवरचा लाल दिवा याची खूण देतो. तो स्थिर असला पाहिजे. व्होल्ट ४.६३च्या खाली गेले की तो विझतो, परत आले की लागतो. म्हणजे लुकलुकणारा लाल दिवा उपाशी पाटीचा. आमचा दिवा कितीतरी दिवस लुकलुकत होता, आणि आम्ही समजत होतो की काम जोरात चालले आहे!

लेकीने क्रमाने पुढचे केले. आधी पुतण्याचे फोटो लॅपटॉपवर उतरवून घेतले, कारण कपाट समोर आले की कोनाडा झाकला जाणार. फोटो नष्ट झाले नसते, पण दिसेनासे झाले असते, आणि मग त्याच्यावर रडायची पाळी आली असती. मग पाटी रीतसर बंद केली, मूळचा अॅडॉप्टर शोधून लावला, डिस्क जोडली आणि पाटी सुरू केली. चकती फिरल्याचा आवाज आला. एकूण जागा पाहिली, तर एक हजाराच्या घरात. फोल्डर उघडला. अडतीसच्या अडतीस. अलहम्दुलिल्लाह.

आम्ही पुतण्याची माफी मागितली. सगळ्यांसमोर मागितली, कारण बोललो होतो ते सगळ्यांसमोर. बंधूंनीही त्याच्या पाठीवर हात ठेवला, पण बोलले काही नाहीत. पुतण्या हसला आणि म्हणाला, "चाचा, पेपरात आधी प्रश्न पूर्ण वाचा असं तुम्हीच सांगता ना?" वीस वर्षे वर्गात शिकवल्यावर हे ऐकायची पाळी आली.

आता ज्यांच्याकडे अशी सोय आहे किंवा जे करणार आहेत, त्यांच्यासाठी आणखी थोडे. फाईली दिसत नाहीत म्हणजे डिस्कच निघाली असे नाही. बहुतेक वेळा गाडी त्याच्या आधीच्या एखाद्या स्टेशनवर अडते, म्हणून तपास खालून वर करावा. पाटीला वीज आहे का, दिवा स्थिर आहे का. मग घरातल्या नेटवर्कवर ती आहे का. राउटर प्रत्येक यंत्राला एक नंबर देतो, १९२.१६८ अशी सुरुवात असलेला. लाईट जाऊन आली की हा नंबर कधीकधी बदलतो आणि लॅपटॉप बिचारा जुन्याच पत्त्यावर दार ठोठावत राहतो. राउटरच्या पानावर जाऊन पाटीसाठी एक नंबर कायमचा राखून ठेवावा, ही कटकट संपते. पाहुण्यांसाठी वेगळे वायफाय ठेवले असेल, तर त्यावरच्या फोनला घरातली यंत्रे बहुधा दिसत नाहीत. तो दोष नाही, ती सोयच त्यासाठी असते.

विंडोजच्या 'नेटवर्क' खिडकीत पाटीचे नाव दिसत नाही, अशी सोलापूरच्या एका भगिनीची तक्रार आहे. त्या खिडकीवर भरवसा ठेवू नका. एस-एम-बीची जी सगळ्यात जुनी पद्धत होती, तिच्यातल्या एका भगदाडातून मे २०१७मध्ये वॉनाक्राय नावाचा व्हायरस जगभर पसरला. ब्रिटनमध्ये तर सरकारी हॉस्पिटलांचे काम अडले. त्याच वर्षीच्या शेवटी आलेल्या विंडोज १०पासून ही जुनी पद्धत नव्या संगणकात बसवलेलीच नसते. नावांची यादी गोळा करण्याचे काम त्या जुन्या पद्धतीवर चालायचे, म्हणून यादी रिकामी दिसते. पाटी मात्र जागेवर असते. पत्त्याच्या पट्टीत दोन उलट्या तिरप्या रेघा देऊन पाटीचा नंबर लिहा, दार उघडेल. कुणी सांगेल की जुनी पद्धत परत सुरू करा, लगेच दिसेल. तसे करू नका. विंडोजने तुमचे वायफाय 'पब्लिक' समजून ठेवले असेल, तर ते 'प्रायव्हेट' करून पाहा. घरातल्या वायफायला तेच योग्य.

दार उघडले पण पासवर्ड चुकीचा म्हणते, हाही नेहमीचा प्रकार. शाळेच्या हजेरीपटात नाव आहे म्हणून लायब्ररीत पुस्तक मिळत नाही, तिथल्या रजिस्टरमध्ये वेगळे नाव लागते. पाटीत शिरायचा पासवर्ड वेगळा आणि सांबाच्या रजिस्टरमधला वेगळा. पाटीचा बदलला म्हणून सांबाचा आपोआप बदलत नाही, तो त्याच्या रजिस्टरमध्ये जाऊन बदलावा लागतो. शिवाय विंडोज जुना पासवर्ड लक्षात ठेवून तोच पुढे करत राहते. कंट्रोल पॅनेलमधल्या क्रेडेन्शियल मॅनेजरमध्ये जाऊन तो काढून टाकावा.

फोनवर ऐकायचे असेल तर व्हीएलसी चांगले. त्यात घरच्या नेटवर्कवरचे फोल्डर सरळ उघडतात. आयफोनच्या फाइल्समध्ये ही सोय २०१९पासून आहे.

आमच्या घरी आता तीन गोष्टी बदलल्या आहेत. पाटीच्या अॅडॉप्टरवर लेकीने लाल टेप गुंडाळला आहे आणि तो आमच्यापासून लांब ठेवला आहे. दुसरी डिस्क घेतली, तिच्यावर सगळ्या कॅसेट उतरवल्या आणि ती बंधूंच्या घरी मुंब्र्याला पाठवली. एकाच फळीवर दोन डिस्क ठेवल्या तर पाणी गळाले की दोन्ही भिजणार. तिसरी गोष्ट पुतण्याने सुचवली, आणि ती आम्हाला सगळ्यात आवडली. डिस्क काढून ठेवायची आणि मागच्या रिकाम्या कोनाड्यात एक फाईल ठेवायची, जिचे नावच 'डिस्क लागलेली नाही, इथे काही ठेवू नका'. कपाट जागेवर असले की ही पाटी झाकलेली राहते, कुणाला दिसत नाही. कपाट आले नाही की उघडल्याबरोबर तीच समोर येते. त्याबरोबर लेकीने त्या कोनाड्यात लिहिण्याची परवानगीही काढून घेतली आहे, म्हणजे चुकून कुणी काही टाकू म्हटले तरी टाकता येणार नाही.

त्या रविवारी मगरिबला थोडा वेळ असताना फूफींना त्यांची कॅसेट ऐकवली. सुरुवातीला बराच वेळ फक्त पंख्याची घरघर आहे. मग अब्बा खाकरतात आणि बहिणीचे नाव घेतात. फूफींनी ती तेवढीच ऐकली आणि हाताने थांबवायला सांगितले. म्हणाल्या, "परत पहिल्यापासून लाव."